डबाबंद आमरस आणि नवशिक्या हातांचें शिक्षण

कोंकणांतील बागाइतदारास 'कॅनिंगचा आंबा' हा शब्द नवा नाहीं. हंगामाच्या आरंभीं पेटीचा भाव बरा असतो. मे महिना सरत आला आणि पहिल्या पावसाचे ढग दिसूं लागले म्हणजे जें फळ लहान, डागी अथवा बेढब म्हणून पेटींत बसत नाहीं, तें किलोच्या भावानें कारखान्याकडे जातें. हा भाव आपल्या हातीं नसतो. सबब चार-पांच जणांनीं मिळून स्वतःचाच लहानसा कारखाना काढावा, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो, आणि तो योग्यच आहे. अशा वेळीं भांडवल, यंत्रें, वीज, पाणी आणि गिऱ्हाईक यांची चर्चा होते. परंतु हंगामाच्या पहिल्या दिवशीं जीं तीस-चाळीस माणसें दारांत उभीं राहणार, त्यांतील बहुतेकांनीं असें काम पूर्वीं कधीं केलेलें नसतें. त्यांस तें निर्धोक रीतीनें कोण व कसें शिकविणार, याची चर्चा आम्हीं क्वचितच ऐकिली आहे. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

निर्धोक या शब्दाला येथें दोन बाजू आहेत. एक, डबा उघडून रस खाणाराच्या जीवास अपाय होऊं नये. दुसरी, डबा भरणाराच्या हातापायांस इजा होऊं नये. या दोन्ही बाजू एकाच शिक्षणाच्या आहेत, हें पुढें दिसून येईल.

टोपलींतला आंबा नासला तर तो डोळ्यांस दिसतो व नाकास कळतो. डब्यांतल्या रसाचें तसें नाहीं. पत्रा सर्व कांहीं झांकतो. म्हणून डबा भरणारा मनुष्य जें करितो, त्याची परीक्षा त्याच्या समोर होत नाहीं. ती कित्येक महिन्यांनीं, शेंकडों मैलांवर, दुसऱ्याच्या ताटांत होते. या धंद्याची सगळी अडचण एवढ्या एका गोष्टींत आहे.

डबा टिकतो कशानें?

नवीन माणसास प्रथम हें सांगावें कीं, डबाबंद माल मसाल्यानें किंवा औषधानें टिकत नाहीं. तो दोन गोष्टींनीं टिकतो. आंत असलेले जंतु उष्णतेनें मारणें ही पहिली. बाहेरचे जंतु पुन्हां आंत येऊं न देणें ही दुसरी. फ्रान्समधील निकोला आपेर या हलवायानें अन्न बाटलींत घालून, बूच घट्ट बसवून, ती उकळत्या पाण्यांत ठेवण्याची युक्ति शोधिली व तीबद्दल त्यास सरकारांतून बारा हजार फ्रँकांचें बक्षीस मिळालें. त्याचें पुस्तक १८१० सालीं निघालें. त्याच सालीं इंग्लंडांत पीटर ड्युरंड यानें पत्र्याच्या डब्याचा हक्क नोंदविला. ही युक्ति चालते कां, हें मात्र आपेरास ठाऊक नव्हतें. नासण्याचें कारण जंतु होत, हें पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं लुई पाश्चर याच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें.

त्या जंतूंमध्यें एक फार भयंकर आहे. १८९५ सालीं बेल्जममधील एका खेड्यांत अंत्यविधीच्या जेवणांत खारविलेलें मांस खाऊन वाजंत्री मंडळींतील अनेक जण आजारी पडले व तिघे दगावले. व्हान एर्मेंजेम या शास्त्रज्ञानें त्या मांसांतून जो जंतु काढिला, त्यास आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. त्याचीं बीजें मातींत असतात, म्हणजे आपल्या शेतांतही असतात. तीं उघड्या हवेंत वाढत नाहींत. हवा नसलेल्या बंद डब्यांत मात्र त्यांस आयतें घर मिळतें. तेथें तीं रुजून जें विष निर्माण करितात, त्यानें मज्जातंतु लुळे पडतात व शेवटीं श्वास बंद होतो. या विषास चव अथवा वास असेलच असें नाहीं, आणि डबा प्रत्येक वेळीं फुगेलच असेंही नाहीं. हीं बीजें उकळत्या पाण्याच्या उष्णतेंत, म्हणजे १०० अंश सेंटिग्रेडला, कित्येक तास जिवंत राहूं शकतात.

मग आमरसाचा डबा केवळ उकळत्या पाण्यांत ठेवून कसा चालतो? तो आंब्याच्या आंबटपणामुळें चालतो. आंबटपणा मोजण्याचें जें पीएच नांवाचें माप आहे, तें जितकें खालीं तितका पदार्थ आंबट. हें माप ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बोट्युलिनमचीं बीजें रुजत नाहींत. आमरसाचें माप बहुधा याच्या खालीं असतें. तथापि फळ जितकें अधिक पिकतें तितका त्याचा आंबटपणा घटतो. म्हणून प्रत्येक घाणीचा पीएच मोजून, लागेल तेवढें सायट्रिक आम्ल घालून, रस त्या सीमेच्या बराच खालीं आणून ठेवितात. नवशिक्यास वाटतें, हें आम्ल रुचीसाठीं आहे. रुचीसाठीं नव्हे, तें प्राणरक्षणासाठीं आहे. हें त्यास कळलें म्हणजे तो 'आज मोजमाप राहूं द्या, रस कालच्यासारखाच आहे' असें म्हणणार नाहीं.

येथें बागाइतदार मालकांसही एक इशारा देणें जरूर आहे. आंब्याचा हंगाम दोन महिन्यांचा. पुढें यंत्रें रिकामीं राहतात. तेव्हां त्याच हौदांत मटार, भेंडी, मका किंवा शिजविलेली भाजी डब्यांत भरून पाहावी, असा मोह होतो. हा मोह जीवघेणा आहे. भाज्यांचा पीएच ४.६ च्या वर असतो. त्यांचे डबे दाबाच्या बंद पात्रांत, ज्यास रिटॉर्ट म्हणतात त्यांत, सुमारें १२१ अंशांपर्यंत तापवावे लागतात, आणि डब्याच्या अगदीं मध्यभागीं त्या उष्णतेचें कार्य निदान तीन मिनिटांच्या तोडीचें व्हावें लागतें. उकळत्या पाण्याचा हौद हें काम कितीही वेळ दिला तरी भरंवशानें करूं शकत नाहीं. ज्या कारखान्यांत रिटॉर्ट व तें चालविणारा जाणता मनुष्य नाहीं, त्यानें आंबट पदार्थांपलीकडे पाऊल टाकूं नये.

फळापासून डब्यापर्यंत

आतां कामाच्या क्रमानें एकेक जागा घेऊं, आणि त्या जागेवरील माणसानें काय शिकावें हें पाहूं.

फळ घेणाराची जागा पहिली. पिकविण्यासाठीं कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्यानें बंदी आहे, कारण त्याच्या वायूबरोबर आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश येतात. ठराविक प्रमाणांत इथिलीन वायु वापरण्यास परवानगी आहे. गाडीबरोबर कोणाच्या बागेंतील माल, किती वजन व कोणता दिवस, याची नोंद येथेंच व्हावी. सडलें फळ धुतल्यानें चांगलें होत नाहीं, म्हणून निवड धुण्याच्या आधीं एकदां व नंतर एकदां करावी. हें काम दृष्टीचें आहे; अंधाऱ्या कोपऱ्यांत तें होणार नाहीं.

दुसरी जागा कापणारांची. येथें बहुधा गांवांतील स्त्रिया असतात व त्यांचा हात घरच्या विळीवर बसलेला असतो. त्यांस सुरी धरण्यास शिकविण्याची गरज नसते. परंतु घरीं एक आंबा कापणें आणि आठ तास ओल्या हातांनीं कापीत राहणें यांत अंतर आहे. बांगड्या, अंगठ्या व टांचण्या काढून ठेवणें, केस झांकणें, नखें कापणें, शौचाहून आल्यावर साबणानें हात धुणें, हे नियम सर्वांस सारखे असावेत. बोट कापलें तर तें लपवूं नये, तत्काळ सांगावें. जेथें कापलेल्या किलोवर मजुरी मिळते, तेथें बाई जखमेवर चिंधी बांधून तशीच कापीत बसते. दोष तिचा नव्हे, मजुरीच्या रीतीचा आहे. जखमी हाताला त्या दिवशीं पूर्ण मजुरीवर दुसरें काम द्यावें, म्हणजे लपविण्याचें कारण उरत नाहीं. जुलाब, उलटी किंवा ताप असणारासही हाच न्याय लावावा.

तिसरी जागा पल्परची. यांत फिरत्या पात्यांनीं गर चाळणींतून जातो व कोय आणि साल बाहेर पडते. तोंडाशीं फळ अडकलें म्हणजे हात आंत घालण्याची सहज प्रवृत्ति होते. त्यासाठीं लांकडी दांडा जवळ टांगलेला असावा, आणि यंत्र बंद केल्यावांचून त्याचें झांकण उघडूं नये.

पुढें रस तापवून, ८५ अंशांहून अधिक गरम असतांनाच, डब्यांत भरितात. मोठ्या डब्यांत ३.१ किलो व मध्यम डब्यांत ८५० ग्रॅम रस मावतो. गरम रसाची वाफ वरच्या मोकळ्या जागेंतील हवा हांकून देते. झांकण बसून डबा निवाला म्हणजे ती वाफ आटते व झांकण किंचित् आंत ओढलें जातें. रस थंड भरला तर हें होत नाहीं. येथील माणसास उष्णतामापक वाचतां आला पाहिजे, आणि तो वाचून वहींत आंकडा लिहितां आला पाहिजे.

त्यानंतर झांकण वळविणारें यंत्र, ज्यास कामगार सीमर म्हणतात. झांकणाची कड व डब्याची कड एकमेकींत अडकवून हें यंत्र दोन वेढ्यांत दाबतें. तयार सांध्यांत झांकणाचे तीन व डब्याचे दोन, असे पत्र्याचे पांच पदर येतात, आणि त्यांमधील बारीक फट झांकणाच्या कडेस लाविलेलें रबरासारखें लेपण भरून काढतें. सांधा बाहेरून गुळगुळीत दिसला तरी आंत पदर नीट अडकले नसतील. म्हणून दर अर्ध्या तासानें डबा हातीं घेऊन नजरेनें व बोटानें तपासणें, आणि दर चार तासांनीं एक डबा कापून आंतील अडकवणूक मापणें, अशी चांगल्या कारखान्यांची वहिवाट आहे. कापलेला डबा वाया जातो, असें म्हणणाऱ्या मालकानें हा धंदा करूं नये.

मग डबे उकळत्या पाण्यांत ठेवावयाचे. आमरस दाट असल्यामुळें उष्णता मध्यापर्यंत सावकाश पोंचते. मोठ्या डब्यास अधिक व लहानास कमी वेळ लागतो. प्रत्येक आकाराचा वेळ जाणत्याकडून ठरवून घेऊन मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावा, आणि तो पाणी पुन्हां उकळूं लागल्यापासून मोजावा. वीज गेली किंवा वाफ कमी झाली तर झालेला वेळ धरूं नये.

थंड पाण्याचा धडा

शेवटची जागा डबे निवविण्याची. नवशिक्यास ही सर्वांत क्षुल्लक वाटते. 'डबा बंद झाला, आतां पाणी कोणतेंही चालेल' असें तो म्हणतो. त्यास १९६४ सालची हकीगत सांगावी. त्या वर्षीं स्कॉटलंडांतील ॲबर्डीन शहरांत विषमज्वराची सांथ उद्भवली व चारशेंहून अधिक लोक आजारी पडले. तपासांत असें ठरलें कीं, दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या मांसाच्या एका मोठ्या डब्यांतून रोग आला. तेथील कारखान्यांत गरम डबे क्लोरीन न घातलेल्या नदीच्या पाण्यानें निवविले होते. डबा निवतांना आंत पोकळी निर्माण होते. सांध्यांत केंसाएवढी फट असली तरी ती बाहेरचें पाणी थेंबानें आंत ओढून घेते. त्या थेंबाबरोबर ज्वराचे जंतु आंत गेले. डब्यांतील मांस दुकानांत ज्या यंत्रावर कापलें, त्याच यंत्रावरून दुसऱ्या मालासही लागण झाली.

या एका हकीगतींत दोन नियम आहेत. निवविण्याच्या पाण्यांत क्लोरीन असावें व तें वाहून जातांनाही त्याचा अंश शिल्लक असल्याची परीक्षा करावी. आणि ओला गरम डबा उघड्या हातांनीं हाताळूं नये अथवा आपटूं नये. डबे सुमारें ४० अंशांपर्यंत निववून काढावेत. उरलेल्या उबेनें ते आपोआप कोरडे होतात व गंजत नाहींत. नंतर घाणीचा क्रमांक व तारीख घालून, प्रत्येक घाणींतील कांहीं डबे दहा-पंधरा दिवस उबदार जागीं ठेवून पाहावेत. फुगला, गळला किंवा सांध्यांत चेपला तर तो डबा उघडून चाखूं नये. घाण बाजूस ठेवून कारण शोधावें. क्रमांक असेल तर एका घाणीचा माल परत बोलवितां येतो. नसेल तर सबंध हंगामाचा माल बुडतो.

हातापायांची काळजी

एका कारखान्यांत आमच्या पाहण्यांत आलेली गोष्ट येथें सांगणें भाग आहे. सीमरवर एकोणीस वर्षांचा मुलगा होता. सकाळीं अर्ध्या तासांत त्यास काम दाखविलें गेलें व दुपारपर्यंत त्यानें तें चोख केलें. तिसऱ्या प्रहरीं एक डबा तिरपा अडकला. मागें डबे सांचूं लागले, मागची माणसें ओरडूं लागलीं, आणि त्यानें चालत्या यंत्रांतून डबा ओढून काढण्यास हात घातला. उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें गेलीं. चौकशी करितां असें कळलें कीं, यंत्र चालू कसें करावें हें त्यास शिकविलें होतें. थांबवावें कसें व केव्हां, हें कोणी शिकविलें नव्हतें. थांबविण्याची कळ यंत्राच्या पलीकडच्या बाजूस होती. तो मुलगा एका बागाइतदाराचाच होता.

यावरून आम्हीं असा नियम मनाशीं बांधिला आहे कीं, कोणत्याही यंत्रावर पहिला धडा थांबविण्याचा असावा. नवशिक्यानें डोळे मिटून थांबविण्याची कळ दाखविली पाहिजे. मगच चालविण्याची कळ त्याच्या हातीं द्यावी. यंत्र स्वच्छ करितांना किंवा अडकलेलें काढितांना वीज मूळ खटक्यावरच बंद करावी, आणि शक्य असल्यास तेथें कुलूप लावून किल्ली काम करणाराच्या खिशांत असावी. फिरत्या भागांवर आवरण असावें, हें १९४८ च्या कारखाना कायद्यानेंच सांगितलें होतें. तें धुण्यासाठीं काढलें व पुन्हां बसविलें नाहीं, असेंच बहुधा घडतें. वाफेच्या पात्राची संरक्षक झडप बांधून ठेवूं नये, व दाबाचा कांटा शून्यावर आल्यावांचून रिटॉर्टचें दार उघडूं नये. कॉस्टिक सोडा पाण्यांत हळूहळू घालावा. सोड्यावर पाणी ओतूं नये. ब्लीचिंग पावडर व सायट्रिक आम्ल एका खोलींत ठेवूं नयेत, कारण त्यांच्या मिश्रणानें विषारी क्लोरीन वायु सुटतो. जमीन सतत ओली व सालींनीं निसरडी असते. तिच्यासाठीं एक स्वतंत्र माणूस ठेवणें हा उधळेपणा नव्हे.

शिकवावें कसें?

व्याख्यानानें हें काम येत नाहीं. करून दाखवावें, करवून घ्यावें, आणि मग शिकणाराकडून तोंडानें कारण वदवून घ्यावें. कारण सांगतां आलें नाहीं तर तो शिकला नाहीं, असें समजावें. एका वेळीं एकच जागा शिकवावी, व आठवडाभर जुन्या हाताशेजारीं उभें करावें. सूचना-फलक शिकणाराच्या भाषेंत असावेत. कोंकणांत बागांवर व कारखान्यांत नेपाळी माणसें पुष्कळ असतात, त्यांस मराठी फलक देऊन आपण जबाबदारींतून सुटत नाहीं. पंचवीस अन्नकामगारांमागें एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा असें देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचें धोरण आहे, आणि कामगारांची वर्षांतून एकदां वैद्यकीय तपासणी करण्याचाही नियम आहे. या गोष्टी कागदापुरत्या करूं नयेत.

वही ही शिक्षणाची कसोटी आहे. घडलें तेंच लिहावें, व घडलें तेव्हांच लिहावें. दिवसअखेर एका हातानें भरलेली सबंध वही पाहिली कीं ती खोटी आहे, हें जाणत्यास पानाकडे पाहूनच कळतें. खोटी वही बहुधा नवशिका लिहीत नाहीं. मालक ती लिहवितो.

सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, काम थांबविण्याचा अधिकार शेवटच्या माणसासही असावा. आंकडा चुकला, सांधा बिघडला, हात कापला, असें दिसतांच त्यानें 'थांबा' म्हणावें आणि त्याबद्दल त्यास बोल लागूं नये. पहिल्यांदा जो मुलगा यंत्र थांबवितो, त्यास मुकादम काय बोलतो, हें सर्व कामगार कान देऊन ऐकत असतात. त्या एका बोलण्यावर सबंध हंगाम अवलंबून असतो.

शेतकऱ्यास हें समजणें कठीण जाऊं नये. नव्या गड्याच्या हातीं आपण पहिल्याच दिवशीं पाभर देत नाहीं. पेरणी चुकली तर तें उगवल्यावर दिसतें व तोंवर वाफसा निघून गेलेला असतो, हें आपण जाणतों. डब्याची पेरणीही तशीच आहे. ज्या संस्था येत्या हंगामासाठीं यंत्रें मागविण्याच्या विचारांत आहेत, त्यांनीं यंत्रांच्या यादीबरोबर माणसांच्या शिक्षणाचे पंधरा दिवस व त्या दिवसांची पूर्ण मजुरी अंदाजपत्रकांत धरावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तो खर्च ज्यांस जड वाटत असेल, त्यांनीं तूर्त फळच विकावें.